व्हॅलेन्सियात धावायचे रस्ते: नदीचं पात्र, ओर्ता, समुद्र आणि अल्बुफेरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचे यजमान, म्हणजे तुमचे पती, स्पेनमधली व्हॅलेन्सिया मॅरेथॉन धावणार आहेत, तुम्ही स्वतः दहा किलोमीटरपर्यंत आरामात धावता, दोघं बुधवारी नाशिकहून पोचताय आणि शर्यतीनंतरही चार-पाच दिवस हातात आहेत. नदी, समुद्र आणि जुनं शहर धावता धावता बघता येईल असे रस्ते हवेत, पण शर्यतीआधी यजमानांचे पाय दमायला नकोत. मी बरीच वर्षं याच शहरात राहते, धावते आणि इतरांना धावायला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथला नकाशा पाण्यावरून वाचा, म्हणजे बाकीचं आपोआप कळत जाईल. तुरिया नदी पश्चिमेकडच्या डोंगरांतून येते. शहरात शिरण्याआधीच छोट्या बंधाऱ्यांवर अडवून तिचं पाणी दोन्ही बाजूंच्या पाटांत सोडलेलं आहे. त्या पाटांवर शहराभोवतीची भाजीपाल्याची शेती उभी आहे, तिला इथे ओर्ता म्हणतात. उरलेली नदी जुन्या शहराला उत्तरेकडून वळसा घालून समुद्राला मिळायची, आणि दक्षिणेला काही किलोमीटरवर अल्बुफेराचं उथळ सरोवर आणि भातशेती. नदीचं पात्र, पाटांची शेती, किनारा आणि सरोवर, असे चार रस्ते मी सांगणार आहे. ते एकाच पाण्याचे चार भाग आहेत आणि त्याच क्रमाने धावलात तर शहर उलगडतं.

'मिळायची' असं म्हटलं, कारण आज तुरिया शहरातून वाहत नाही. १४ ऑक्टोबर १९५७ ला तिला एकाच दिवसात दोनदा पूर आला, पहाटे एक लाट आणि दुपारी त्याहून मोठी. किमान ८१ माणसं गेली. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत भिंतींवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणा अजून आहेत. काही ठिकाणी ती रेघ आपल्या डोक्याच्याही वर जाते. त्यानंतर सरकारने नदीच उचलून दक्षिणेला नेली. शहराबाहेरून साधारण १२ किलोमीटर लांबीचं नवं, रुंद पात्र खोदून तिला थेट समुद्रात सोडलं. जुनं पात्र कोरडं पडलं आणि त्यातून महामार्ग न्यायचं ठरलं. लोकांनी ते होऊ दिलं नाही. 'नदीचं पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय' ही त्या चळवळीची घोषणा होती. १९७६ मध्ये पात्र शहराच्या ताब्यात आलं आणि १९८०च्या दशकापासून तिथे टप्प्याटप्प्याने बाग झाली. आज ती सुमारे नऊ किलोमीटर लांब आहे आणि शहरातले बहुतेक धावणारे दिवसातून कधी ना कधी तिथेच भेटतात.

हे पात्र वरच्या रस्त्यांपेक्षा बरंच खाली आहे. प्रत्येक पुलाजवळ उतार किंवा पायऱ्या आहेत. एकदा खाली उतरलात की सिग्नल नाही, गाडी नाही, चढ तर जवळजवळ नाहीच. धावण्यासाठी दाबून बसवलेल्या मातीची वेगळी पायवाट आहे आणि तिच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यावर दर १०० मीटरला अंतराची खूण आहे. यजमानांना सांगा, पुलांखालून जाताना घड्याळाचा जीपीएस गडबडतो, त्यामुळे पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, बघायचा तर या खुणांवर बघा. सायकलची वाट वेगळी आखलेली आहे, तिच्यावर धावू नका. इथले सायकलवाले भलत्या वेगात असतात आणि त्यांचा राग रास्त असतो.

आता माझं स्पष्ट मत. बाहेरून येणारे बहुतेक सगळे पूर्वेकडच्या टोकाला धावतात, जिथे वास्तुविशारद सान्तियागो कालात्राव्हाच्या पांढऱ्या इमारती आहेत, सिटी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस. फोटोसाठी ते ठीक आहे. शर्यतीची सुरुवात आणि शेवटही तिथेच आहे, शेवटचे काही मीटर तर पाण्यावर टाकलेल्या निळ्या फळीवरून धावायचे असतात. म्हणजे यजमान ती जागा बघणारच आहेत. तिथली फरशी ओली असली की फार गुळगुळीत होते, शर्यतीआधी तिथे धावण्यात काही हशील नाही. तुम्ही मधला आणि वरचा, म्हणजे पश्चिमेकडचा भाग धरा.

मधल्या भागात पाच जुने दगडी पूल आहेत. त्रिनिदादचा पूल सगळ्यांत जुना, १४०२ चा. सेरानोसचा पूल १५१८ चा, कारण आधीचा १५१७ च्या पुरात गेला. मार, रेआल आणि सान होसे हे तिघं सोळाव्या शतकाच्या शेवटचे आणि सतराव्याच्या सुरुवातीचे. त्रिनिदाद पुलाखाली दोन मिनिटं थांबा. खांबांची टोकं पाणी कापायला निमुळती घडवलेली आहेत, आणि आता त्यांच्या अवतीभवती गवत आहे. टोकाच्या दगडावर हात ठेवला तर कडा बोथट लागते. वर कठड्यापाशी संतांच्या मूर्ती उभ्या आहेत. पात्राच्या दोन्ही काठांना लांबच लांब दगडी भिंत दिसते ना, तीही पुराचीच देणगी. १५८९ च्या पुरानंतर नगराने नदीसाठी वेगळं खातं काढलं आणि पुढची कित्येक दशकं ही भिंत बांधली जात होती. सेरानोस पुलाच्या दक्षिण टोकाला सेरानोसचं जुळं बुरुजद्वार आहे, चौदाव्या शतकाच्या अखेरचं. जुन्या शहराचा तट १८६५ मध्ये पाडला, पण हे दार राहिलं.

सान होसे पुलाच्या पुढे पश्चिमेला गेलात की गर्दी एकदम ओसरते. फुटबॉलची, रग्बीची मैदानं लागतात, शाळेची मुलं सराव करत असतात, आजी-आजोबा पाइनच्या झाडांखाली व्यायाम करतात. शेवटी काबेसेरा उद्यान येतं. तिथे छोटं तळं आहे आणि एक गोल टेकडी आहे, या सपाट शहरात चढ मिळण्याची जवळजवळ एकमेव जागा. टेकडीवरून मागे वळून पाहिलं की नदीचा हिरवा पट्टा शहरात शिरताना दिसतो. सेरानोसपासून इथवर साधारण चार किलोमीटर. तुमच्यासाठी जाऊन-येऊन आठ म्हणजे अगदी मापात.

आता दिवसांचं. भारतापेक्षा इथे हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात. पहिले दोन दिवस तुम्हाला पहाटे तीन-चारला टक्क जाग येईल आणि नाशिकच्या सवयीने बूट घालून बाहेर पडावंसं वाटेल. पडू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला मावळतो. सात-सव्वासातला निघा. दिवे असतात, लोक असतात, आणि धावता धावता उजाडतं. सकाळी तापमान सहा ते नऊ अंशांच्या आसपास असतं, दुपारी सोळा-सतरा. पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि वर काढून कमरेला बांधता येईल असं जॅकेट पुरतं. नाशिकच्या थंडीत धावणाऱ्याला हे नवं नाही.

गुरुवारी सकाळी दोघांनी मिळून पाच किलोमीटर, तेही बोलत बोलत जमेल एवढ्याच वेगाने. सेरानोसला खाली उतरा, पश्चिमेला अडीच किलोमीटर जा आणि परत या. पण त्या दिवशी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या अपोस्तोलेस दारापाशी पोचाच. दर गुरुवारी बाराच्या ठोक्याला तिथे पाणी न्यायालय भरतं. तुरियाच्या आठ पाटांचे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच काळे झगे घालून दाराबाहेर गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. एक जण एकेका पाटाचं नाव पुकारून तक्रार आहे का विचारतो. कोणाची तक्रार नसली तर सगळं काही मिनिटांत आटोपतं. असली तर सुनावणी तोंडी, निकालही तिथेच आणि तोंडीच. युनेस्कोने २००९ मध्ये या न्यायालयाची नोंद मानवतेचा वारसा म्हणून केली. पाणी पाळीने घ्यायचं, शेजाऱ्याचं वळवायचं नाही, पाट साफ ठेवायचा: फडाच्या पद्धतीने किंवा पाटाच्या पाळीने शेती केलेलं घर असेल तर त्यातला प्रत्येक मुद्दा तुम्हाला न सांगता कळेल. हे आधी पाहा, मग शर्यतीनंतर ओर्तात धावा. उलट क्रमाने केलंत तर पाट नुसते पाट दिसतील.

शुक्रवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, घ्या आणि पाय वर करून बसा. या शहरात चालण्याचा मोह फार होतो, आणि शर्यतीच्या आधी पायांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. जुनं शहर, मध्यवर्ती बाजार, रेशमाचा जुना व्यापारी वाडा ला लोन्हा, हे सगळं शर्यतीनंतरसाठी ठेवा. शनिवारी यजमानांनी वीस मिनिटं अगदी हळू धावायचं आणि शेवटी चार-पाच छोटे स्ट्राइड्स, म्हणजे थोड्या अंतराच्या वेगवान धावा, फुलांच्या पुलाजवळ खाली मातीवर. बस.

रविवारी तुम्ही एक करू शकता. मॅरेथॉनचा मार्ग शहरात फिरत फिरत पात्राच्या जवळ अनेकदा येतो. वरचे रस्ते बंद असतात, ट्राम-बसचा भरवसा नसतो, पण खालची बाग मोकळी असते. त्या वर्षीचा नकाशा आदल्या दिवशी नीट बघा, दोन-तीन पूल निवडा आणि पात्रातून धावत एका पुलावरून दुसऱ्या पुलावर जा. तुमचे दहा किलोमीटर तिथेच होतील आणि यजमान दोन-तीनदा दिसतील. रस्ता सपाट आणि समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे वेळा फार वेगवान लागतात. केनियाच्या केल्विन किप्टमने २०२२ मध्ये आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन इथे धावली आणि २ तास १ मिनिट ५३ सेकंदांत संपवली. यजमानांना मात्र बजावून सांगा की पहिले दहा किलोमीटर फार सोपे वाटतात, आणि तिथेच लोक पुढची शर्यत घालवून बसतात.

सोमवारी यजमानांनी फक्त चालायचं. मंगळवार-बुधवारपासून ओर्ता, आणि या सगळ्यांत माझा जीव जिथे सर्वांत जास्त आहे तो हा रस्ता. त्याचं नाव व्हिया शुर्रा. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली, चालायला आणि सायकलला राखलेली वाट, शहराच्या उत्तर कडेपासून पुसोलपर्यंत साधारण १५ किलोमीटर. रूळ होते म्हणून सरळ आणि सपाट. जमेची बाजू म्हणजे मेट्रोची तीन नंबरची लाइन थोड्या अंतरावरून तिच्याबरोबर जाते: अल्बोराया, अल्मासेरा, मेलियाना, फोयोस, मसामाग्रेल. एकाच दिशेने जितकं झेपेल तितकं धावा, जवळच्या गावात वळा, बेकरीत काहीतरी गरम खा आणि मेट्रोने परत या. धावण्याला परतीची चिंता नसली की माणूस वेगळा धावतो. ज्यांना लांब जायचंय त्यांनी एल पुइगपर्यंत जावं. तिथल्या टेकडीजवळ १२३७ ची लढाई झाली, आणि पुढच्या वर्षी आरागोनचा राजा पहिला जाउमे व्हॅलेन्सियात शिरला. तिथून शहराकडे लोकल गाडी मिळते.

शहराची शेवटची इमारत संपते आणि तिच्या भिंतीला लागूनच शेत सुरू होतं. डिसेंबरात आटिचोक, कोबी, कांदा उभा असतो. अल्बोरायाच्या बाजूला चुफाची काढणी चालू असते. चुफा म्हणजे जमिनीखाली येणारे छोटे गोड कंद, त्यांच्यापासून ओर्चाता हे दुधासारखं पेय करतात. यंत्र जमीन उकरून चाळत जातं, मागे भुसभुशीत माती आणि एक गोडसर वास राहतो. बांधाच्या कडेला सिमेंटचा पाट असतो, हातभर रुंद, आणि दर शेतापाशी लोखंडी फळी. नशिबात असेल तर एखादा शेतकरी फळी वर ओढताना दिसेल. पाणी आधी सरीच्या तोंडाशी फेसाळतं, मग एकेक सरी भरत पुढे सरकतं, आणि तो फावड्याने कुठे माती लावतो, कुठे काढतो. त्याचं लक्ष फक्त पाण्याच्या टोकाकडे असतं. ही व्यवस्था अरबांच्या काळापासूनची मानली जाते, आणि २०१९ मध्ये अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. शेतवाटांवर उतरलात तर पाटाच्या काठावरून धावू नका, तो शेवाळाने निसरडा असतो. ट्रॅक्टर आला की बाजूला होऊन थांबा. पहाटे कामावर निघालेल्यांची वाट आधी, आपली नंतर.

किनारा सोपा आहे, म्हणून थोडक्यात. पात्राची बाग थेट समुद्राला पोचत नाही. पांढऱ्या इमारतींच्या पुढे जुनं पात्र रेल्वे आणि बंदराच्या जागेत हरवतं, त्यामुळे वर चढून अडीच-तीन किलोमीटर शहरी रस्त्याने मरिना, म्हणजे नौकांचा धक्का, गाठावी लागते. ते धावण्यापेक्षा ट्रामने जा आणि मरिनापासून सुरुवात करा. लास आरेनास, मालवारोसा, पाताकोना असा रुंद फरसबंद रस्ता वाळूला लागून जातो, तीन-साडेतीन किलोमीटर. होआकिन सोरोया या चित्रकाराने समुद्राच्या उन्हाची चित्रं काढली ती याच वाळूवर. सकाळी समुद्राच्या बाजूने ऊन डोळ्यांवर येतं, टोपी ठेवा. परतताना मागची गल्ली धरून कबानियालमधून या. कोळ्यांची ही वस्ती १८९७ पर्यंत वेगळं गाव होतं. गल्ल्या समुद्राला समांतर, घरं बुटकी आणि दर्शनी भिंतींना हिरव्या-निळ्या-पिवळ्या टाइल्स. शहराचा एक रुंद हमरस्ता या वस्तीतून थेट समुद्रापर्यंत न्यायची योजना बरीच वर्षं होती, आणि रहिवाशांनी ती रोखून धरली. काही घरं तेवढ्यात पाडली गेली होती, त्यांच्या रिकाम्या जागा मधेमधे दिसतात.

अल्बुफेरासाठी एक आख्खी सकाळ राखून ठेवा. बहुतेक जण शहरापासून सायकलवाटेने पिनेदो, एल सालेर असं धावत जायला बघतात. नवं पात्र ओलांडावं लागतं, मोटाररस्त्याचा आवाज सतत कानात असतो. मी कोणाला सांगत नाही. बसने एल सालेरला उतरा आणि देवेसात शिरा. सरोवर आणि समुद्र यांच्यामधला हा वाळूचा पट्टा, त्यावर पाइनचं जंगल. वाटा वाळू आणि पाइनच्या सुयांच्या, पावलाला मऊ. मॅरेथॉननंतरच्या पायांना याहून चांगली जमीन नाही. सुयांखाली मुळं असतात, तेवढं बघून पाऊल टाका. इथेही १९६०-७०च्या दशकांत मोठी पर्यटन वसाहत उभारायला घेतली होती. काही इमारती झाल्याही. लोकांच्या विरोधाने उरलेलं थांबलं, आणि सपाट केलेले वाळूचे डोंगर नंतर पुन्हा उभे करून त्यांवर झुडपं लावली गेली. म्हणून दोरीने वेगळ्या केलेल्या भागात पाऊल टाकू नका. १९८६ मध्ये सगळा परिसर नैसर्गिक उद्यान म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात भाताची खाचरं मुद्दाम पाण्याने भरलेली असतात, पक्षी भरपूर असतात. एल पाल्मार गावाच्या आसपास बांधांवरून धावता येतं, पण पाऊस पडून गेला असेल तर ती माती चिकट आणि घसरडी होते, तेव्हा चाला. पुढे कधी ऑक्टोबरातल्या हाफ मॅरेथॉनला यायचं ठरलं तर लक्षात असू द्या, कापणीनंतर पेंढा जाळतात आणि काही दिवस सकाळी धूर असतो. दमा असेल तर तेव्हा सरोवराकडे जाऊ नका.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा पूर आला. नव्या पात्राने मधलं शहर कोरडं ठेवलं, पण त्याच्या दक्षिणेकडची पाइपोर्ता, कतारोहा अशी गावं आणि शहराचाच ला तोर्रे हा भाग पोयोच्या ओढ्याने बुडवला. व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली. अवघ्या दोन दिवसांपूर्वी इथे हाफ मॅरेथॉन झाली होती. नंतर हजारो लोक फावडी, झाडू आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नव्या पात्रावरच्या पादचारी पुलाने चालत तिकडे गेले, आणि त्या पुलाला आता एकजुटीचा पूल हे नाव आहे. तिथे पुराच्या खुणा बघायला म्हणून जाऊ नका. पण इथल्या कोणाशी ओळख झाली आणि तो विषय निघाला तर शांतपणे ऐकून घ्या.

तुरिया जिथे अजून खरी नदी आहे ती पाहायची असेल तर काबेसेराच्या पुढे मानिसेस, रिबारोहा या बाजूला तुरिया नैसर्गिक उद्यानाची नदीकाठची वाट आहे, बोरू आणि पॉपलरच्या सावलीतली. नऊ नंबरची मेट्रो रिबारोहापर्यंत जाते. २०२४ च्या पुरात इथल्या वाटांचं आणि पुलांचं नुकसान झालं, म्हणून निघण्याआधी हॉटेलात किंवा मानिसेसच्या एखाद्या कॅफेत विचारा की कोणता तुकडा सुरू आहे. यजमानांचे पाय तोवर कितपत सावरलेत त्यावर अंतर ठरवा. गुडघा कुरकुरत असेल तर त्यांना स्टेशनाजवळ कॉफी घेऊन बसवा आणि तुम्ही चार किलोमीटर काठाने जाऊन या.